नकाशात ऊन दिसत नाही

बालाघाट म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर बीड-धाराशिवकडची डोंगररांग येते. हे बालाघाट ते नव्हे. हे मध्य प्रदेशातलं, वैनगंगेकाठचं, गोंदियाच्या शेजारचं. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा झाला आणि १९५६ पर्यंत त्याच्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे बऱ्याच घरांत मराठी नाहीतर पोवारी, बाजारात हिंदी आणि लग्नाची खरेदी गोंदियाला, असा इथला रिवाज.

अशा गावात कुणी पोकेमॉन गो खेळतं म्हटलं की पुण्या-मुंबईची मंडळी हसतात. हा खेळ जुलै २०१६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आला. भारतात तो जिओच्या साथीने डिसेंबर २०१६ मध्ये रीतसर सुरू झाला, पण त्याच्या आधीच पोरांनी आडमार्गाने तो फोनमध्ये घेतला होता. फोनचं जीपीएस तुमची जागा सांगतं, पडद्यावर तुमच्याच गल्लीचा नकाशा उघडतो आणि त्यावर काल्पनिक प्राणी उगवतात. देऊळ, पुतळा, बगीचा अशा खऱ्याखुऱ्या जागांवर ‘पोकेस्टॉप’ असतात. तिथे पोचलं की प्राणी पकडायचे चेंडू मिळतात, कधी अंडी मिळतात. अंडं फुटायला चालावं लागतं. कुठलं २ किलोमीटरचं, कुठलं ५, कुठलं १०.

पुढे बोलणारे दोघं कुणा एका घरातले नाहीत. बालाघाट आणि गोंदियात कानावर पडलेल्या बोलण्यांतून मी त्यांना जुळवलं आहे. आत्या निवृत्त शिक्षिका, साखरेचा त्रास असलेल्या. भाचा रेल्वेत सहायक लोको पायलट, मुक्काम गोंदिया. अशा वादात फोन पोराच्या हातात आणि तक्रार मोठ्यांची असते. इथे उलट आहे.

भाचा : आत्या, राग नको मानू, पण तो फोन हातात धरून तू फिरणं बंद कर. काल मला कोणीतरी सांगितलं, तू सरेख्याकडे रुळाच्या बाजूने चालून राहिली होती.

आत्या : रुळाच्या बाजूने नाही, रस्त्याने. आणि ज्याने सांगितलं तो स्वतः रुळावरून येत असेल, म्हणून त्याला मी दिसली.

भाचा : बघ, तूच सांगितलं. इथली माणसं रुळावरून चालतात. छोटी लाईन होती तेव्हाची सवय आहे ही. ती गाडी धापा टाकत यायची, माणूस आरामात बाजूला व्हायचा. आता मोठी लाईन, वरून विजेचं इंजिन. लांबून धडधड ऐकूच येत नाही. फाटकाच्या ६०० मीटर आधी पाटी असते, ‘सी/फा’ लिहिलेली. तिथून आम्ही सीटी सुरू करतो. समोरच्याच्या कानात इअरफोनच्या बोंड्या असतील तर ती सीटी आम्ही आमच्यासाठीच वाजवतो. पूर्ण वेगातल्या गाडीला आपत्कालीन ब्रेक लावला तरी ती अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाऊन थांबते. म्हणजे मला माणूस दिसतो, त्याच्या हातातला उजळलेला फोन दिसतो, आणि मी काहीच करू शकत नाही.

आत्या : असं झालंय तुझ्यासोबत?

भाचा : शेवटच्या क्षणाला उडी मारून बाजूला होतात बहुतेक. त्यांना वाटतं आपण वाचलो. आम्ही पुढच्या स्टेशनापर्यंत गप्प असतो. ड्युटीवर आमचा फोन बंद ठेवायचा नियम आहे, तुला माहीत आहे. इंजिनात बसलेल्याचा फोन बंद, आणि इंजिनापुढे उभ्या असलेल्याचा चालू. हा काय न्याय झाला?

(इथे मला भाच्याची बाजू घ्यायची आहे. रुळावर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण रुळावरून घरी जाणाऱ्याला बालाघाटात कोणी गुन्हेगार समजत नाही, आणि तो स्वतःला तर नाहीच नाही.)

आत्या : तुझं म्हणणं मान्य. रूळ वर्ज्य. कानात बोंड्या मी घालत नाही, त्या खेळाचं संगीत आधीच बंद करून ठेवलंय, डोकं उठतं. पण तू फोनवर खापर फोडतोस. डॉक्टरने मला चालायला सांगितलं तेव्हा मी किती दिवस चालली? आठवडाभर. मग घरातलं एकेक काम निघालं. बायकांचं चालणं असंच सुटतं. ‘फिरायला जाते’ म्हटलं की घरातला प्रत्येक जण काहीतरी आणायला सांगतो. मग ते फिरणं नसतं, भाजी आणणं असतं.

भाचा : मग मोती तलावाच्या बागेत फेऱ्या मार नं. सगळे मारतात.

आत्या : मारल्या. गोल गोल फिरून जीव कंटाळतो. आणि दुसरी गोष्ट सांगू? तू पुरुष आहेस, तुझ्या लक्षात येणार नाही. काली पुतली चौकात तू अर्धा तास उभा राहिलास तर तुला कोणी विचारतं? चहा पितोस, उभा असतोस, बस. मी पाच मिनिटं उभी राहिली की तीन जण विचारतात, ‘मॅडम, कोणाची वाट पाहून राहिल्या?’ बाईने रस्त्यात उभं राहायला कारण लागतं. बस, रिक्षा, पोरगा येणार आहे, काहीतरी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं या गावात, पण या गावात उगीच कुठे उभी राहिली नव्हती कधी. या खेळाने मला उभं राहायला कारण दिलं. आता विचारलं तर सांगते, ‘खेळून राहिली’. हसतात, पण पुढे जातात.

भाचा : हसतात तेच तर म्हणतो मी.

आत्या : हसू दे. हनुमान चौकाजवळचा एक पोरगा आहे, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला. माझा विद्यार्थी. गणितात दोनदा नापास. तो मला शिकवतो आता, कोणत्या प्राण्यावर कोणता चालतो ते. पाण्याचा आगीवर, आगीचा गवतावर. माझ्याकडून एकही पैसा न घेता. शाळेत मी त्याला बाकावर उभा करायची. आता तो म्हणतो, ‘मॅडम, असं नाही, परत करा.’

(आत्यांच्या या मुद्द्याला भाच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. रस्त्यात निवांत उभं राहण्याचा हक्क कुणाला आहे, हा प्रश्न पोकेमॉनहून फार जुना आहे. खेळाच्या धोक्यांबद्दल लिहिणारे बहुतेक लेख तो सोडून देतात.)

भाचा : बरं, चालणं ठीक. पण गाडीवरून खेळतात त्यांचं काय? परवा गोंदिया रोडवर एक जण उजव्या हाताने हँडल धरून आणि डाव्या अंगठ्याने पडद्यावर चेंडू फेकत चालला होता. मागून भरवेलीचा मँगनीजचा ट्रक.

आत्या : तो मूर्ख आहे.

भाचा : तो मूर्ख असेल, पण खेळाने त्याला वाट करून दिली आहे. वेग वाढला की खेळ बजावतो, गाडी चालवताना खेळू नका. खाली बटण, ‘मी प्रवासी आहे’. ते बटण दाबायलाही तोच अंगठा लागतो जो हँडलवर असायला हवा. बटण दाबलं की खोटं बोलून झालं. जपानात काय झालं ते वाचलंय मी. ऑगस्ट २०१६ मध्ये तोकुशिमा भागात गाडीवाला खेळत होता, दोन बायकांना धडकला, त्यातली एक गेली. दोन महिन्यांनी इचिनोमिया शहरात नऊ वर्षांचा पोरगा गेला, तिथे ट्रकवाला खेळत होता. त्या शहराच्या लोकांनी खेळाच्या कंपनीकडे तगादा लावला, मग वेगात असताना पोकेस्टॉपचे थांबे चालू नयेत असा बंदोबस्त आणखी कडक झाला. एक पोर गेल्यावर!

आत्या : हे मला माहीत नव्हतं.

भाचा : अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या दोघा प्राध्यापकांनी तर इंडियानातल्या एका काउंटीचे पोलिसांचे अपघाताचे कागद काढून बघितले. खेळ आल्यावर पोकेस्टॉपच्या आसपासचे अपघात वाढलेले निघाले. आपल्याकडे असे कागद कोण तपासणार? ‘अज्ञात वाहनाची धडक’ लिहिलं की फाइल बंद.

आत्या : म्हणून मी गाडीवर उघडतच नाही. ऑटोतही नाही. आणि एक सांगते, हा खेळ फोन खिशात ठेवूनही चालतो. २०१८ पासून त्यात सोय आहे, खेळ बंद असला तरी पावलं मोजली जातात, अंडं फुटत राहतं. मी घरून निघताना अंडं लावते, फोन पर्समध्ये टाकते आणि चालते. आंबेडकर चौकात पोचली की एका बाजूला थांबते, दुकानाच्या ओट्यावर, पाठ भिंतीला. मग फोन काढते. दोन-चार मिनिटं. परत पर्समध्ये. चालताना बघत नाही आणि बघताना चालत नाही.

भाचा : सगळे असे खेळत नाहीत.

आत्या : सगळे ट्रॅफिकचा सिग्नलही पाळत नाहीत. म्हणून सिग्नल काढायचा का?

भाचा : ते सोड. हे सांग, मागच्या मे महिन्यात चक्कर येऊन पडली होती तू. कशामुळे?

आत्या : (थोडं थांबून) ते कम्युनिटी डेमुळे.

भाचा : म्हणजे?

आत्या : महिन्यातून एकदा तीन तास असतात. एकच प्राणी ढिगाने निघतो, सगळे बाहेर पडतात. वेळ दुपारी दोन ते पाच.

भाचा : मे महिन्यात? बालाघाटात? दुपारी दोन?

आत्या : जगभर हीच वेळ. ज्याच्या त्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे दोन ते पाच.

भाचा : हा खेळ काढणारी कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. तिथे दुपारी दोनला माणूस स्वेटर घालून फिरतो. इथे त्या वेळेला कुत्रंही गटाराच्या सावलीतून बाहेर येत नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ याच ठिकाणी आहे. खेळाच्या नकाशाला अक्षांश-रेखांश कळतात, बाकी काही कळत नाही. मे महिन्यातला काली पुतली चौक आणि जानेवारीतला काली पुतली चौक त्याच्या लेखी एकच. वैनगंगा त्यात बारा महिने तीच निळी पट्टी असते. मे महिन्यात तिथे वाळू असते, पोरं क्रिकेट खेळतात. ऑगस्टात शिवनी जिल्ह्यातल्या भीमगडच्या धरणाची दारं उघडली की पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर येतं, आणि बालाघाटात पाऊस नसला तरी येतं. घाटावर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पडद्यावर नजर ठेवून उतरणाऱ्याला सांगावं लागतं, आणि सांगणारा तिथे असेलच असं नाही.

आत्या : आता मी दोन ते पाच घरी असते. खिडकीत बसून जे येईल ते पकडते. चार कमी मिळाले तर मिळाले. पावसाळ्यात घाटावर नाही. अंधार पडल्यावर नाही. फोनचा चार्ज वीस टक्क्यांवर आला की परत, कारण फोन बंद पडला तर ऑटोवाल्याला बोलवायचं कसं? हे मला खेळाने नाही शिकवलं. खेळ सुरू होताना एक पाटी येते, आजूबाजूला लक्ष ठेवा. ती ‘ठीक आहे’ दाबून जाते. रोज तीच पाटी कोण वाचतो?

भाचा : बरं, तुझ्या जिवाचं झालं. आता दुसऱ्याच्या मनाचं बोलू. देवळात जाऊन खेळणं तुला पटतं? आरती चालली आहे आणि पोरं पायरीवर बसून अंगठे फिरवून राहिलीत.

आत्या : नाही पटत.

भाचा : २०१६ मध्ये गुजरात हायकोर्टात जनहित याचिका झाली होती. देवळांत आणि जैन मंदिरांत अंडी मिळतात म्हणून. कोर्टाने नोटिसाही काढल्या.

आत्या : ते मी पेपरात वाचलं होतं तेव्हा. हसली होती मी, खरं सांगते. पडद्यावरचं अंडं! पण नंतर विचार केला. ज्याने तक्रार केली त्याच्या डोक्यात खरं अंडंच आलं असेल असं नाही. त्याला देवळात कोणीतरी वेगळ्याच कारणाने येऊन बसलंय, हेच खटकलं असेल. तक्रार करायला अंडं सापडलं.

भाचा : पोलंडमधल्या आउशवित्झच्या संग्रहालयानेही कंपनीला कळवलं होतं, इथे खेळ नको. हिरोशिमाच्या शांती उद्यानात तर ६ ऑगस्टच्या कार्यक्रमाच्या आधी सगळे थांबे काढायला लावले. लोक बॉम्बमध्ये गेलेल्यांना हात जोडायला येतात आणि बाजूला कोणी चेंडू फेकतो.

आत्या : मोठ्या जागांचं कंपनी ऐकते. आपल्या नदीवरच्या घाटाचं कोण ऐकणार? त्या घाटाजवळच्या देवळावर थांबा आहे. मी गेली होती एकदा सकाळी. पलीकडे मोक्षधाम. तेवढ्यात एक कुटुंब आलं, मडकं घेऊन. त्यातल्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि हात जोडले. त्याला वाटलं असेल, ओळखीची बाई आहे. त्या दिवसापासून त्या बाजूला खेळ उघडत नाही.

भाचा : हे थांबे तिथे टाकले कोणी? कंपनीचा माणूस तर बालाघाटात आला नसेल.

आत्या : तो दुकानातला पोरगा सांगत होता. याच कंपनीचा आधी दुसरा खेळ होता, इन्ग्रेस. त्याचे खेळणारे जागोजागचे फोटो काढून पाठवायचे. देऊळ, पुतळा, जुनी विहीर. त्याच जागा पुढे पोकेमॉनमध्ये आल्या. आता आपणही सुचवू शकतो. म्हणजे आपल्या गावाचा नकाशा आपल्यातल्याच कोणीतरी भरलाय.

भाचा : आणि विकला कोणी? २०२५ मध्ये त्या कंपनीने हा खेळ साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली नावाच्या दुसऱ्या कंपनीला दिला. ती कंपनी सौदीच्या मालकीची. पायपीट तुझी, धंदा त्यांचा.

आत्या : पायपिटीने साखर माझी उतरली. सौदीवाल्याची नाही.

(पैशाच्या आणि माहितीच्या प्रश्नावर आत्या जरा जास्तच सहज सुटतात असं मला वाटतं. आपण रोज कुठून कुठे जातो याची नोंद कुणाकडे तरी साठते, ही लहान गोष्ट नाही. पण ती नोंद गावातल्या प्रत्येक स्मार्टफोनची साठते, खेळणाऱ्याची आणि न खेळणाऱ्याचीही.)

भाचा : आणि हे कॅमेऱ्याचं? तो प्राणी समोरच्या रस्त्यावर उभा दिसावा म्हणून पोरं फोन उभा धरतात. मुलींच्या वसतिगृहासमोर कोणी असा फोन धरला तर तिथली मुलगी काय समजेल? मी तिच्या जागी असतो तर ओरडलो असतो.

आत्या : ओरडायलाच पाहिजे. कॅमेरा बंद करता येतो त्यात. एक बटण आहे, ते सरकवलं की मागे नुसतं रंगीत चित्र येतं. बॅटरीही वाचते. मी पहिल्या दिवशीच बंद केला. फोन छातीशी आडवा, पडदा आकाशाकडे. समोरच्याला दिसलं पाहिजे की आपण त्याचा फोटो काढत नाही. हे मी त्या दुकानातल्या पोराला शिकवलं. त्याने मला प्राणी शिकवले, मी त्याला हे शिकवलं.

भाचा : लांजी-बैहरकडे असं फिरायचंही नाही. इतकी वर्षं नक्षलवाद सोसलेला जिल्हा आहे. अनोळखी माणूस पुलाजवळ, चौकीजवळ फोन धरून घुटमळताना दिसला की पोलिसांनी विचारलंच पाहिजे. तो म्हणणार, ‘साहेब, इथे पिकाचू आहे.’

आत्या : (हसून) आणि साहेब म्हणणार, त्यालाही सोबत घ्या, ठाण्यात चला.

भाचा : हसण्यावारी नको नेऊ. आणि जंगल? कान्हाचं मुक्की दार आपल्याच जिल्ह्यात. कान्हा ते पेंच वाघांची ये-जा आपल्याच लालबर्रा-वारासिवनीच्या जंगलांतून. सकाळच्या अंधारात कोणी अंडं फोडायला निघाला तर?

आत्या : जंगलात थांबे नसतातच फारसे, रेंजही नसते. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात तर पर्यटकांनी मोबाईल वापरायलाच नको, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. फार चांगलं केलं. उमरेड-कऱ्हांडल्यात ३१ डिसेंबर २०२४ ला वाघीण आणि तिची पिल्लं जिप्सींनी दोन्हीकडून अडवली होती, आठवतं? तिथे पोकेमॉन नव्हता. फोटो होता.

भाचा : तेच तर. खेळ असो की फोटो, फोन हातात आला की माणसाला समोरचं दिसत नाही.

आत्या : नाही बाबू. समोरचं दिसतं, पण ते आपल्यासाठीच ठेवलंय असं वाटतं. वाघीणही, घाटही, दुसऱ्याच्या घराची पायरीही. तुला एक सांगते. पूर्वी त्या थांब्यापासून ४० मीटरच्या आत जावं लागायचं. कोरोना आला तेव्हा कंपनीने ते ८० मीटर केलं. कोरोना ओसरल्यावर २०२१ मध्ये काही देशांत परत ४० करायला निघाले. जगभरच्या खेळणाऱ्यांनी गोंधळ घातला. म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या बाया म्हणाल्या, आम्हाला लांबूनच बरं पडतं. कंपनीला माघार घ्यावी लागली. आता ८० कायम आहे. ८० मीटर म्हणजे किती? देवळाच्या समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीपर्यंत. मग पायरीवर कशाला बसायचं? कोणाच्या फाटकाला टेकून कशाला उभं राहायचं? रसवंतीत बसा, रस प्या, तिथून लागतं.

भाचा : हे नव्हतं माहीत मला.

आत्या : पोरांनाही माहीत नसतं. ती आपली गाभाऱ्यापर्यंत जातात. तू म्हणतोस खेळ बंद कर, मी म्हणते लांबून खेळा. अमेरिकेत लोक कोर्टात गेले होते, आमच्या घरासमोर झुंडी येतात म्हणून. २०१९ मध्ये तडजोड झाली. घरापासून ४० मीटरच्या आतला थांबा मालकाने सांगितला तर काढायचा. आपल्याकडे कोणाला माहीत आहे की अशी तक्रार करता येते?

भाचा : करता येते? घाटाची?

आत्या : येते म्हणे. अर्ज आहे. शाळेच्या आवारात नको, खासगी घरात नको, अग्निशमन दलाच्या वाटेत नको, जिथे पायी सुरक्षित जाता येत नाही तिथे नको, असे त्यांचे नियम आहेत. पण अर्जावरचं इंग्रजी मला जमत नाही. खेळ २०२३ पासून हिंदीत आला, प्राण्यांची नावंसुद्धा हिंदीत केली. तक्रारीचं बघितलं तेव्हा इंग्रजी निघालं. मी शिक्षिका होती, पण संस्कृतची.

भाचा : दे इकडे. (फोन घेतो.) खेळाला माझा विरोध आहे हे लक्षात ठेव. थांबा काढायचा आहे म्हणून भरून देतो. खरं तर गावातले सगळेच काढायला सांगतो.

आत्या : सगळे काढले तर मी चालू कुठे? घाटाचा तेवढा काढ. बगीच्यातले राहू दे.

भाचा : हे बघ, कारण विचारून राहिलेत. काय लिहू?

आत्या : लिही, इथे लोक अस्थी घेऊन येतात. पायऱ्या अरुंद आहेत, कठडा नाही. आणि ऑगस्टात वरच्या तीन पायऱ्या सोडल्या तर सगळं पाण्यात असतं.

भाचा : यादीतून एकच कारण निवडायचं आहे.

आत्या : मग पायऱ्यांचं लिही. त्यांच्या नियमात पायऱ्या बसतात, अस्थी नाही बसत.

भाचा : फोटो पण मागितलाय. जागेचा.

आत्या : तो मी काढून आणते. सकाळी सहाच्या आत, कोणी यायच्या आधी.

भाचा : एकटी नको जाऊ. सकाळी माझी पाळी नाही, मी येतो. फोन मी धरतो, तू नुसती रस्ता बघ.